सीमाभागातील मराठी भाषकांचे राजकीय प्रतिनिधित्व

कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी आदी भागांत राहणाऱ्या मराठी भाषकांना विधिमंडळात व स्थानिक स्वराज्य संस्थांत मिळालेले प्रतिनिधित्व हा भारतातील भाषिक अल्पसंख्याकांच्या प्रश्नाचा एक प्रमुख भाग आहे. १९५७पासून हे प्रतिनिधित्व मुख्यत्वे महाराष्ट्र एकीकरण समितीच्या माध्यमातून झाले.

पार्श्वभूमी

मे १९४६ मध्ये बेळगाव येथे ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला. मात्र राज्य पुनर्रचना कायद्यानुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट करण्यात आला. पुढे केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर यांसह २६४ गावे महाराष्ट्राला व २४७ गावे म्हैसूरला देण्याची शिफारस केली. बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने हा अहवाल अमान्य केला. २००४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

घटनात्मक तरतुदी

भारतीय संविधानात अनुसूचित जाती व जमातींसाठी लोकसभेत आणि विधानसभांत राखीव जागा आहेत. भाषिक अल्पसंख्याकांसाठी तशी तरतूद नाही. त्यांना मिळालेले संरक्षण प्रामुख्याने भाषा, शिक्षण व संस्कृती यांपुरते आहे. अनुच्छेद २९ व ३० अन्वये भाषा जतन करण्याचा आणि शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क मिळतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्यासंबंधीचा अनुच्छेद ३५०-क आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याचा अनुच्छेद ३५०-ख समाविष्ट झाला. हा अधिकारी राष्ट्रपतींना अहवाल सादर करतो. त्याच्या शिफारशी राज्यांवर बंधनकारक नसतात. भाषिक अल्पसंख्याक कोण, हे राज्य हा घटक धरून ठरवावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात दिला. त्यामुळे देशात कोट्यवधींची भाषा असलेली मराठी कर्नाटकात अल्पसंख्याकांची भाषा ठरते.

सभागृहातील भाषा

अनुच्छेद २१० नुसार राज्य विधिमंडळाचे कामकाज राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. या भाषांत आपले म्हणणे पुरेसे मांडू न शकणाऱ्या सदस्यास पीठासीन अधिकारी मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतो. म्हणजे मराठी भाषक आमदाराला मराठीतून बोलण्याची मुभा परवानगीवर अवलंबून असते. तो त्याचा निरपवाद हक्क नाही.

विधानसभा व लोकसभा

१९५७ च्या निवडणुकीत समितीचे बा. रं. सुंठणकर बेळगाव शहरातून निवडून आले. त्यानंतर अनेक दशके बेळगाव परिसर व खानापूर येथून समितीचे आमदार निवडून येत राहिले. लोकसभेचा मतदारसंघ विस्ताराने मोठा असल्याने तेथे समितीला यश मिळाले नाही. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी शेकडो अर्ज भरण्यात आले आणि बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार रिंगणात राहिले.

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत उचगाव मतदारसंघ संपुष्टात आला. त्या वर्षी समितीचा एकही उमेदवार विजयी झाला नाही. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील व खानापूरमधून अरविंद पाटील निवडून आले. २०१८ व २०२३ मध्ये समितीला पुन्हा एकही जागा मिळाली नाही. गटबाजी, बहुरंगी लढतींतील मतविभागणी आणि तरुण मतदारांचा राष्ट्रीय पक्षांकडे वाढलेला ओढा ही या पीछेहाटीची कारणे सांगितली जातात. राष्ट्रीय पक्षांच्या तिकिटावर मराठी भाषक उमेदवार आजही निवडून येतात. परंतु पक्षशिस्तीमुळे भाषेच्या प्रश्नावर त्यांना स्वतंत्र भूमिका घेणे कठीण जाते. त्यामुळे मराठी भाषक आमदार असणे आणि मराठी भाषकांचे प्रतिनिधित्व होणे या दोन बाबी एकच मानाव्यात का, हा सीमाभागातील वादाचा विषय आहे.

बेळगाव महानगरपालिका

महानगरपालिकेत दीर्घकाळ मराठी भाषक नगरसेवकांचे प्राबल्य होते. २००५ मध्ये बेळगाव महाराष्ट्रात सामील करण्याचा ठराव संमत झाल्यावर कर्नाटक सरकारने महानगरपालिका बरखास्त केली. २०२१ च्या निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा जिंकून भारतीय जनता पक्षाने प्रथमच बहुमत मिळविले. समितीला मोजक्याच जागा मिळाल्या.

अन्य देशांतील व्यवस्था

बेल्जियममध्ये पंतप्रधान वगळता मंत्रिमंडळात डच व फ्रेंच भाषक मंत्र्यांची संख्या समान ठेवावी लागते. स्वित्झर्लंडच्या संविधानानुसार संघीय मंडळात विविध भाषिक प्रदेशांना योग्य स्थान देणे अपेक्षित आहे. जर्मनीत डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला पाच टक्के मतांची अट लागू नाही. २०२१ मध्ये या पक्षाचा एक सदस्य राष्ट्रीय संसदेत निवडून गेला. भारतात अशी तरतूद नसल्याने भाषिक अल्पसंख्याकांचे प्रतिनिधित्व मतदारसंघांच्या सीमा, मतांची एकजूट आणि पक्षांचे उमेदवारीवाटप यांवर अवलंबून राहते.

सद्यस्थिती

डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावांवरील दाव्याचा पुनरुच्चार होता. न्यायालयातील दावा राज्याच्या सीमेविषयी आहे. शाळा, सरकारी परिपत्रके व फलक यांवरील मराठीच्या वापराची मागणी मात्र सीमेचा निकाल कसाही लागला तरी कर्नाटकात उरणाऱ्या मराठी भाषकांसाठी कायम राहणारी आहे. महाराष्ट्रातील कन्नड भाषकांच्या बाबतीतही हेच प्रश्न उपस्थित होतात.