स्मिता पाटील बातम्या वाचत होत्या, तेव्हा नांदेड-लातूर काय पाहत होते?

१/ स्मिता पाटील म्हटले की ‘भूमिका’, ‘चक्र’, ‘उंबरठा’ डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु महाराष्ट्राला त्यांचा चेहरा प्रथम दिसला तो चित्रपटात नव्हे, दूरचित्रवाणीवर मराठी बातम्या वाचताना. आणि येथे ‘महाराष्ट्राला’ हा शब्दही जपूनच वापरावा लागतो. तो चेहरा दिसला मुंबईला, काहीसा पुण्याला. नांदेडला नाही, लातूरला नाही. आजचा धागा या दोन्ही गोष्टींविषयी.

२/ भारतात दूरचित्रवाणी सुरू झाली १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. त्यानंतर तेरा वर्षे देशात दुसरे केंद्रच नव्हते. ते आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबईत. तेव्हा दूरदर्शन हे स्वतंत्र खातेही नव्हते. आकाशवाणीचीच ती एक शाखा होती. १ एप्रिल १९७६ रोजी दोन्ही विभक्त झाल्या.

३/ मुंबई केंद्राचे पहिले वृत्तनिवेदक म्हणून डॉ. विश्वास मेहेंदळे ओळखले जातात. पुढच्या दोन-तीन वर्षांत तेथे जी नावे आली ती पाहिली तर आश्चर्य वाटते: भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे. यांपैकी दोन नावे पुढे रंगभूमी आणि चित्रपटाच्या इतिहासात गेली. भक्ती बर्वे आधीपासून नाटकात होत्याच. १९७५ साली ‘ती फुलराणी’ने त्या घराघरांत पोहोचल्या. स्मिता पाटील मात्र कोणीच नव्हत्या. विशीही न ओलांडलेली एक महाविद्यालयीन मुलगी.

४/ जन्म १७ ऑक्टोबर १९५५, पुणे. वडील शिवाजीराव पाटील मूळचे खानदेशातील शिरपूरचे, राजकारणात सक्रिय, पुढे राज्याचे मंत्री. आई विद्याताई परिचारिका. बालपण राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणात गेले. शिबिरे, कलापथके, समूहगीते. लोकांसमोर उभे राहून स्पष्ट बोलण्याची सवय या मुलीला कॅमेऱ्याने लावली नाही. ती आधीच लागलेली होती.

५/ दूरदर्शनवरच्या प्रवेशाची कथा अशी सांगितली जाते की, एका छायाचित्रकार स्नेह्याने काढलेली त्यांची छायाचित्रे केंद्राचे संचालक पी. व्ही. कृष्णमूर्ती यांच्या दृष्टीस पडली आणि ही मुलगी कोण, अशी विचारणा झाली. दुसरी आख्यायिका जीन्सवर घाईघाईने साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसण्याची. कॅमेऱ्याला टेबलाच्या वरचेच दिसे, त्यामुळे ते खपून जाई!

६/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. आपल्याकडे आख्यायिकाच का उरल्या आहेत? कारण बातम्या थेट प्रक्षेपित होत. चित्रफीत महाग होती. रोजचे बातमीपत्र जपून ठेवावे, असे कोणाच्या मनातही येत नसे. वाचून झाले की ते हवेत विरून जाई. चित्रपटातील स्मिता पाटील आज आपण हव्या तेव्हा पाहू शकतो. वृत्तनिवेदिका स्मिता पाटील मात्र जवळजवळ पूर्णपणे इतरांच्या स्मरणात उरल्या आहेत.

७/ आता त्या कामाचे स्वरूप पाहू. चित्र कृष्णधवल. समोर टेलिप्रॉम्प्टर नाही, हातात कागद. वाचता वाचता मान वर करायची, प्रेक्षकाकडे पाहायचे आणि पुन्हा नेमकी ओळ पकडायची. दृश्ये थोडी, शब्दच अधिक. चूक झाली तर पुसण्याची सोय नाही. बातमीचा सारा भार एका चेहऱ्यावर आणि एका आवाजावर. मराठी न कळणारी माणसेही तो चेहरा पाहण्यासाठी संच लावून बसत, असे त्या काळचे मुंबईकर सांगतात.

८/ आज वृत्तवाहिन्यांवर स्त्री दिसणे इतके सवयीचे आहे की १९७२ चा संदर्भ लक्षात येत नाही. म्हणून जरा बाहेर पाहू.
बीबीसीने १९६० साली नॅन विंटन यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवले. ‘बाईच्या तोंडून गंभीर बातमी ऐकवत नाही’ अशा सुराच्या तक्रारी आल्या आणि त्यांना काही महिन्यांतच दूर करण्यात आले. बीबीसीच्या रात्रीच्या मुख्य बातमीपत्राला अँजेला रिपन यांच्या रूपाने नियमित वृत्तनिवेदिका मिळायला १९७५ उजाडले. अमेरिकेत मोठ्या वाहिनीच्या सायंबातम्यांत सहनिवेदक म्हणून बार्बरा वॉल्टर्स बसल्या त्या १९७६ साली.

९/ दिल्लीत तर १९६५ साली पाच मिनिटांचे बातमीपत्र सुरू झाले तेव्हा ते प्रतिमा पुरी वाचत होत्या. म्हणजे या एका बाबतीत दिल्ली आणि मुंबई लंडनच्या पुढे होत्या.

१०/ हे का घडले? माझ्या मते त्याचे श्रेय बऱ्याच अंशी आकाशवाणीला जाते. भारतीय श्रोत्याला स्त्रीच्या आवाजात बातमी ऐकण्याची सवय रेडिओने आधीच लावली होती. मराठीत तर पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचा आवाज असंख्य घरांत ओळखीचा होता. (होय, माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या त्या मातोश्री.) दूरचित्रवाणीने फक्त त्या आवाजाला चेहरा दिला.

११/ पण ‘अग्रणी’ हा शब्द वापरताना मर्यादाही सांगायला हवी. या स्त्रिया बातमी वाचत होत्या. ती निवडणे, लिहिणे, कोणती आधी आणि कोणती गाळायची हे ठरवणे हे प्रामुख्याने इतरांच्या हाती होते. माध्यम सरकारी होते. पडद्यावर स्त्री आली म्हणजे वृत्तकक्षात स्त्रीचा अधिकार आला, असे नव्हे. ते अंतर कापायला आणखी काही दशके जावी लागली.

१२/ आता मराठवाड्याकडे वळू.
मुंबई केंद्र सुरू झाले त्याच वर्षी महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ कोसळला होता. नांदेड-लातूरच्या कोणत्याही जुन्या माणसाला ‘बहात्तर’ एवढेच म्हणा. साल सांगावे लागत नाही. खडी फोडण्याची कामे, नालाबंडिंग, सुकडी, मिलो. मे १९७३ मध्ये राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. नव्या माध्यमाच्या पहिल्याच वर्षातील ही राज्याची सर्वांत मोठी बातमी.

१३/ ती बातमी वरळीच्या स्टुडिओतून वाचली जात होती आणि ज्यांच्याविषयी वाचली जात होती, त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाही ती दिसत नव्हती.

१४/ कारण तांत्रिक होते. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मनोऱ्यापासून काही दशक किलोमीटरांच्या पलीकडे चित्र विरते. मध्ये सह्याद्रीची भिंत. पुण्यापर्यंत चित्र नेण्यासाठीही १९७३ साली सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारावे लागले. लातूर आणि नांदेड मुंबईपासून सुमारे ५०० किलोमीटर आणि त्याहून अधिक अंतरावर. तेथे संच घेऊन ठेवला असता तर त्यावर केवळ मुंग्या दिसल्या असत्या.

१५/ उलट दिशेचा प्रवासही तितकाच खडतर होता. चित्रीकरण फिल्मवर होई. ती फिल्म प्रयोगशाळेत धुतल्याखेरीज दाखवता येत नसे. नांदेडहून मीटर गेजने मनमाड, तेथून ब्रॉडगेजने मुंबई. लातूरहून बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरो गेजने कुर्डुवाडी आणि मग पुढे. तेव्हा लातूर हा जिल्हाही नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ रोजी. मराठवाड्याची बातमी मुंबईच्या पडद्यावर बहुधा चित्रावाचून, केवळ शब्दांत येई, याचे कारण या रुळांत आहे.

१६/ एक विरोधाभास पाहा. फेब्रुवारी १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. नांदेडचे माजी नगराध्यक्ष राज्याच्या सर्वोच्च पदी बसले. मुंबई-पुण्याला हा मुख्यमंत्री पडद्यावर दिसू शकत होता. खुद्द नांदेडला तो दिसे वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात किंवा प्रत्यक्ष सभेत.

१७/ मग नांदेड-लातूर बातमीसाठी काय करत होते? रेडिओ होता; आकाशवाणीचे परभणी केंद्र १९६८ साली सुरू झाले होते. आणि वर्तमानपत्रे होती. औरंगाबादेतून अनंत भालेरावांचा ‘मराठवाडा’, नांदेडमधून सुधाकरराव डोईफोडे यांची ‘प्रजावाणी’. दुष्काळ, १९७४ चे विकास आंदोलन, १९७८ नंतरचे नामांतराचे पर्व हे सारे या प्रदेशाने वाचले आणि ऐकले. पाहिले नाही.

१८/ भाषेचाही एक मुद्दा आहे. मुंबई केंद्राच्या बातम्यांनी प्रमाण मराठीचा एक डौलदार उच्चार घडवला, यात शंका नाही. तो घडला पुणे-मुंबईच्या वळणाने. उर्दू, तेलुगू आणि कन्नडच्या शेजारात वाढलेली नांदेड-लातूरची बोली त्या टेबलाजवळ फिरकली नाही. तेव्हा हा प्रश्न कोणी उपस्थितही केला नसेल. आज करायला हरकत नाही.

१९/ स्मिता पाटील वृत्तनिवेदनात फार काळ राहिल्या नाहीत. श्याम बेनेगल यांनी त्यांना दूरदर्शनवर पाहिले आणि ‘चरणदास चोर’ व ‘निशांत’ (दोन्ही १९७५) या चित्रपटांत घेतले. मराठवाड्याच्या दृष्टीने ‘निशांत’ लक्षणीय आहे. त्याची कथा १९४५ च्या सुमारास तेलंगणातील जमीनदारीत घडते. म्हणजे निजामाच्याच राज्यात, ज्यात तेव्हा नांदेड आणि लातूरही होते. गढी, देशमुखी, गावावरची दहशत... हा भूतकाळ आपल्या भागाला परका नव्हता.

२०/ त्यामुळे क्रम उलटा झाला. मुंबईकराला बातम्या वाचणारी मुलगी पुढे नटी झालेली दिसली. मराठवाड्याला प्रथम दिसली ती नटी: चित्रपटगृहात, टुरिंग टॉकीजच्या तंबूत. ‘जैत रे जैत’ (१९७७), ‘उंबरठा’ (१९८२). त्या कधी काळी बातम्या वाचत, हे येथल्या अनेकांना त्यांच्या मृत्यूनंतरच्या लेखांतून कळले असावे. मृत्यू १३ डिसेंबर १९८६ रोजी झाला. वय अवघे ३१.

२१/ मराठवाड्यात दूरचित्रवाणी खऱ्या अर्थाने पोहोचली ती ऐंशीच्या दशकात. १९८२ साली रंग आले, उपग्रह आला, दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा धडाका लागला. काही महिने जवळजवळ दिवसाला एक! जिल्ह्याच्या गावांत छपरांवर अँटेना दिसू लागल्या.

२२/ परंतु हे छोटे प्रक्षेपक आधी दाखवू लागले ते दिल्ली. मुंबईचे मराठी कार्यक्रम मागाहून आले. म्हणून इकडच्या पुष्कळ घरांत बातमी देणारा पहिला स्त्री-चेहरा मराठी नव्हताच. केसांत गुलाब माळलेल्या सलमा सुलतान हिंदुस्तानीत बातम्या देत. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सायंकाळी इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी दूरदर्शनवरून देशाला त्यांनीच दिली. निजामी राजवटीत उर्दू शिकलेल्या पिढीला त्यांची भाषा अवघड गेली नसणार. नातवंडांनी ती आजोबांकडून समजून घेतली असेल.

२३/ आणि मग ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. किल्लारीचा भूकंप. लातूर-उस्मानाबादमधील हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. आता चित्र मुंबईला पोहोचवायला नॅरो गेजची गरज नव्हती. लातूर हे नाव जगभरच्या पडद्यांवर झळकले. वीस वर्षांपूर्वी ज्या प्रदेशाचा दुष्काळ शब्दांत वाचला गेला, त्याचा विध्वंस आता दिवसच्या दिवस दिसत होता. खुद्द किल्लारीत मात्र घरेच उरली नव्हती, संच कुठला?

२४/ या धाग्यातील तारखा ग्रंथांत सापडतात. जे सापडत नाही ते तुमच्या घरात आहे. नांदेड, लातूर, देगलूर, उदगीर, निलंगा, कंधार... आजी-आजोबांना विचारा: गल्लीत पहिला टीव्ही कोणाकडे आला? किती साली? बातम्यांच्या वेळी अंगणात कोण कोण बसे, बायका बसत का? आणि पडद्यावर बातमी सांगणारी पहिली बाई कोण होती, मराठी की हिंदी? उत्तर मिळाले तर गावाचे नाव आणि साल घालून खाली लिहा.