ओळ नंबर चार

माझी एक स्प्रेडशीट आहे. दर ३१ डिसेंबरला रात्री मी ती डुप्लिकेट करतो, नावातलं साल बदलतो आणि पुढच्या वर्षाचे संकल्प भरतो. २०२५च्या शीटमध्ये अकरा ओळी होत्या. पोहणं, एक साइड प्रोजेक्ट, महिन्याला दोन पुस्तकं, नेहमीचंच सगळं. ओळ नंबर चार होती: 'मावशीआजीची मोडी रोजकीर्द वाचून, टाइप करून पूर्ण'. ही ओळ २०२१पासून शब्दही न बदलता पुढे सरकत आली होती. स्टेटस 'इन प्रोग्रेस'. प्रोग्रेस म्हणजे फोनमध्ये पडलेले सोळा फोटो.

१ ऑक्टोबरला, खंडेनवमीच्या दिवशी, ऑफिसात लॅपटॉपला हळद-कुंकू लावून आम्ही पेढे खात होतो तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. शाळेतला मित्र. अलिबागच्या इस्राएल आळीत वाढलेला, आता अश्दोदला असतो. "वर्षभरात माझ्याकडून काही चुकलं असेल, तुला दुखावलं असेल तर माफ कर. आज संध्याकाळपासून दारफाळणी."

मला आधी वाटलं, याचं काहीतरी बिनसलंय. मग तो शब्द आठवला. लहानपणी आळीत हे शब्द कानावर असायचे. कोकणातल्या बेने इस्राएली लोकांनी आपल्या सणांना अस्सल मराठी नावं दिलीत. ज्यू नववर्ष, म्हणजे रोश हशाना, हा 'नव्याचा सण'. त्यानंतर दहाव्या दिवशी येणारा योम किप्पूर म्हणजे 'दारफाळणीचा सण': दारं बंद, पांढरे कपडे, संध्याकाळपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत अन्नपाणी नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी दानधर्म आणि गाठीभेटी. त्या दिवसाला नाव 'शिळा सण'. ज्या समाजाला गावोगावी 'शनवार तेली' म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत, त्याच समाजाला अशी नावं सुचू शकतात.

गेल्या वर्षी योगायोग असा, की दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी आले, २ ऑक्टोबरला. माफीच्या मेसेजला काय उत्तर द्यायचं ते कळेना, म्हणून मी रात्री या सणाबद्दल वाचत बसलो. नवीन वर्ष, आत्मपरीक्षण, दहा दिवस. मला वाटलं, हा आपल्या अ‍ॅन्युअल रिव्ह्यूचा पूर्वज असणार. निघालं भलतंच.

योम किप्पूरची सुरुवात 'कोल निद्रे'ने होते. 'कोल निद्रे' म्हणजे 'सगळे नवस', 'सगळ्या प्रतिज्ञा'. सूर्य मावळायच्या आधी ते तीनदा म्हणतात. भाषा हिब्रू नाही, अरामी. त्यात देवाची स्तुती नाही, मागणं नाही. ती एक कायदेशीर घोषणा आहे. म्हणणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना तोराच्या गुंडाळ्या घेऊन माणसं उभी राहतात, म्हणजे तिघांचं न्यायपीठ पूर्ण होतं. आणि घोषणा काय? आम्ही केलेले नवस, शपथा, संकल्प, सगळे रद्द. ते नवस नवस नव्हेत, त्या शपथा शपथा नव्हेत.

वर्षातल्या सगळ्यात पवित्र रात्रीची पहिली गोष्ट ही!

ही कल्पना ताल्मूदमध्येच सापडते. 'नेदारिम' म्हणजे नवसांवरच्या भागात म्हटलंय, की आपले नवस वर्षभर टिकू नयेत असं ज्याला वाटतं त्याने वर्षारंभी उभं राहून सांगावं, की मी यापुढे जो नवस करीन तो रद्द. लगेच पुढे एक किस्सा आहे. एका विद्वानाला हे जाहीर व्याख्यानात शिकवायचं होतं. रावा नावाच्या विद्वानाने त्याला थांबवलं: लोक नवसांना हलकं समजतील म्हणून ज्यांनी हे झाकून ठेवलं, त्यांचं तू चव्हाट्यावर मांडणार? पुढे नवव्या शतकात बगदादकडच्या धर्मपीठांचे प्रमुख कोल निद्रेवर उघड टीका करत होते. अम्राम गाओन यांच्या प्रार्थनासंग्रहात तिला मूर्खपणाची प्रथा म्हटलंय. लोकांनी ऐकलं नाही.

मग बाराव्या शतकात फ्रान्समध्ये याकोब बेन मेईर उर्फ रब्बेनू ताम यांनी त्यात दुरुस्ती केली. मूळ मजकूर मागच्या वर्षाबद्दल होता: गेल्या योम किप्पूरपासून या योम किप्पूरपर्यंत मोडलेले नवस माफ. रब्बेनू ताम म्हणाले, हे चालणार नाही. नवस मोडून झाल्यावर असा घाऊक रद्द होत नाही. त्यासाठी माणसाने येऊन, नेमका कोणता नवस ते सांगून, पश्चात्ताप दाखवावा लागतो. पुढचा मात्र आधी रद्द करता येतो. म्हणून मजकूर झाला, 'या योम किप्पूरपासून पुढच्या योम किप्पूरपर्यंत'. गंमत म्हणजे तारखा बदलल्या आणि क्रियापदं जुन्याच भूतकाळात राहिली. अश्केनाझी ज्यू आजही तसंच म्हणतात. ज्याने कधी दुसऱ्याच्या जुन्या कोडमध्ये घाईत फिक्स टाकलाय त्याला हे समजावून सांगायला नको.

मला हे फार आवडलं. वर्षाच्या उंबरठ्यावर उभं राहून प्रामाणिकपणे सांगायचं, की मी पुढच्या वर्षी अकरा गोष्टी ठरवीन आणि त्यातल्या बऱ्याच करणार नाही. त्या रात्री मी शीट उघडून बसलो होतो आणि मनातल्या मनात अकराही ओळी डिलीट करत होतो.

पण या घोषणेची किंमत लोकांनी मोजली आहे. १२४०मध्ये पॅरिसला राजा नववा लुई याच्या दरबारी ताल्मूदवर खटला चालावा तसा वाद झाला. आरोप करणारा निकोलस डोनिन हा ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेला. त्याच्या आरोपांत हेही होतं, की हे लोक दरवर्षी आपली वचनं रद्द करतात, यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा? १२४२मध्ये पॅरिसमध्ये ताल्मूदची हस्तलिखितं गाड्या भरभरून जाळली गेली. हा संशय पुढे शतकानुशतकं पुरला. युरोपातल्या अनेक कोर्टांत ज्यू साक्षीदाराला वेगळी, अपमानास्पद शपथ घ्यावी लागे. फ्रान्समध्ये ती १८४६ साली बंद झाली. त्याआधी दोन वर्षं, १८४४मध्ये, ब्राउनश्वाइगला जमलेल्या सुधारक रब्बींनी कोल निद्रे सोडून द्यावी असं ठरवलं होतं. पुष्कळांनी नाहीच सोडली.

आरोपाला दिलेलं उत्तर शतकानुशतकं एकच होतं, आणि ते वाचताना माझा हात माउसवरून निघाला. रद्द होतात ते फक्त माणसाने स्वतःशी आणि देवाशी केलेले संकल्प. दुसऱ्या माणसाला दिलेला शब्द यात येतच नाही. मिश्नामध्ये योम किप्पूरबद्दलही हाच नियम आहे: देवाविरुद्धच्या अपराधांचं प्रायश्चित्त या दिवसाने होतं; माणसाविरुद्धच्या अपराधाचं होत नाही, त्या माणसाची समजूत काढेपर्यंत. म्हणून तर अश्दोदहून मला मेसेज आला होता.

या सणांच्या दिवसांत सुरू झालेल्या आणि न मोडलेल्या संकल्पाचं एक उदाहरण मला त्याच रात्री सापडलं. १९२३च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नाच्या एका अधिवेशनात मेईर शापिरो या पोलंडमधल्या तरुण रब्बीने सुचवलं, की जगभरच्या ज्यूंनी रोज ताल्मूदचं एकच पान वाचावं, सगळ्यांनी तेच पान. कुणी बोटीने अमेरिकेला गेला तरी तिथल्या अनोळखी माणसाशेजारी बसून त्याच पानावर बोलू शकेल. सुरुवात त्याच वर्षीच्या रोश हशानाला, ११ सप्टेंबरला झाली. नाव 'दाफ योमी', दिवसाचं पान. पहिली फेरी १९३१मध्ये संपली. शापिरो १९३३मध्ये, शेहेचाळीसाव्या वर्षी गेले. सध्याची चौदावी फेरी ५ जानेवारी २०२०ला सुरू झाली, पानं २,७११, म्हणजे साधारण साडेसात वर्षं. तुमचं पान चुकलं तर कॅलेंडर थांबत नाही. पण शेजारचा विचारतो, काल का नाही आलास? माझ्या शीटला असा शेजारी नव्हता.

म्हणजे, होता. ओळ नंबर चार मी स्वतःशी ठरवलेलीच नव्हती. २०२१च्या मे महिन्यात मावशीआजीने ट्रंकेतून तिच्या वडिलांची रोजकीर्द काढून दाखवली होती. त्यांचा मचवा होता, मुंबईला माल न्यायचे. तिने मोडी त्यांच्याकडूनच शिकली, आणि आमच्या घरात ती वाचणारी आता ती एकटीच. "मी वाचते, तू उतरवून घे," ती म्हणाली. मी म्हणालो, "दिवाळीत येतो, पक्कं." आणि घरी येऊन ते 'क्रिएटिव्ह गोल्स'च्या कॉलममध्ये टाकलं, जिथे मोडलं तरी फक्त माझं मोडतं.

दसऱ्याला पहाटेची एसटी पकडून मी अलिबागला गेलो. मावशीआजी सत्त्याऐंशीची आहे. डाव्या डोळ्याची नजर मधल्या काळात काचबिंदूने गेली. मला ते फोनवर सांगितलं गेलं होतं आणि मी "अरेरे" म्हटलं होतं. आपट्याचं पान देऊन पाया पडलो आणि म्हणालो, "आजी, मी येतो म्हणालो होतो आणि आलो नाही. चुकलं माझं."

"साडेचार वर्षं झाली," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला मोडी वाचणारी दुसरी आजी मिळाली." मग आत बघून ओरडली, "याला चहा टाका गं."

रोजकीर्द देव्हाऱ्यापुढे पाटावर होती. दरवर्षी दसऱ्याला ती पूजेला मांडतात, हे मला माहीतच नव्हतं. तिने वरच्या झेंडूच्या पाकळ्या झटकल्या आणि वही उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेली. मी लॅपटॉप उघडला. 'श्री'. शके १८५७. शिडाची शिवण, बारा आणे. तांदूळ. मग ती एका शब्दावर अडली. वही लांब नेली, जवळ आणली, तरी जमेना. मी फोनने त्या ओळीचा फोटो काढला, बोटांनी मोठा केला आणि तिच्यासमोर धरला.

"सुंभ," ती म्हणाली. "काथ्याचं सुंभ, सव्वादोन आणे. लिहिलंस?"