रिकाम्या यंत्रांचे श्रमदान

स्क्रीनसेव्हर ही वस्तू आता जवळजवळ विस्मृतीत गेली आहे. संगणकाचे पडदे काचेच्या जाडजूड नळीचे होते, तेव्हा एकच चित्र तासन्‌तास स्थिर राहिले तर काचेच्या आतील लेपावर त्याचा कायमचा डाग उमटे. तो टाळण्यासाठी, माणूस उठून गेला की यंत्राने आपले आपण काहीतरी हलते चित्र दाखवीत बसावे, अशी ती योजना होती. कुणाच्या पडद्यावर मासे पोहत, कुणाच्या पडद्यावर नळांचे जाळे वाढत जाई. यंत्र जागे आहे, पण त्याला काम नाही, या अवस्थेचे ते चित्र होते.

१७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतून एक निराळा स्क्रीनसेव्हर जगाला खुला करण्यात आला. त्यात रंगीत सुळक्यांचा एक आलेख सरकत राही. तो पाहणाऱ्याला त्यातले फारसे काही कळत नसे. मात्र सुळके उमटत असताना यंत्र खरोखरच राबत असे. पोर्टो रिकोतील अरेसिबो येथील महाकाय दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींचा एक तुकडा ते तपासत असे, आणि त्यात परग्रहावरील कुणा बुद्धिमान जीवाची खूण आहे का हे पाहत असे. या उपक्रमाचे नाव ‘सेटी अ‍ॅट होम’. पहिल्या आठवड्यातच दोन लाखांहून अधिक लोकांनी तो आपल्या यंत्रावर चालवला.

मी तो प्रथम पाहिला तो एका परिचिताच्या घरी. दूरध्वनीच्या तारेवरून महाजालाशी जोडले जाण्याचे ते दिवस. दर मिनिटाचा हिशेब मनात चालू असे. हा उपक्रम त्या काटकसरीला सोसणारा होता. क्षणभर जोडणी करून तुकडा उतरवून घ्यावा, जोडणी तोडावी, यंत्राने तासन्‌तास एकट्याने गणिते करावीत आणि झाल्यावर उत्तर धाडावे. ‘हे यंत्र आता रिकामे बसत नाही,’ असे ते गृहस्थ ज्या समाधानाने म्हणाले, ते मला आजही आठवते. ‘रिकामे’ या शब्दापाशी मात्र मी पुढे अनेकदा थांबलो. यंत्राचे रिकामेपण म्हणजे नेमके काय, ते कोणाच्या मालकीचे आणि ते खरोखर फुकट असते का, या प्रश्नांभोवतीच या चळवळीचा इतिहास फिरत आला आहे.

रिकामी यंत्रे कामाला लावण्याची कल्पना बर्कलीची नव्हे. कॅलिफोर्नियातीलच झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात सुमारे शंभर ‘आल्टो’ संगणक एकमेकांना जोडलेले होते, आणि रात्री माणसे घरी गेली की ते नुसते पडून राहत. जॉन शॉक आणि जॉन हप यांनी अशा यंत्रांवर पसरत जाणारी एक आज्ञावली रचली. रिकामे यंत्र दिसले की तिने त्यावर आपला एक तुकडा चढवावा, आणि सकाळी माणूस आला की निमूटपणे बाजूला व्हावे. एका कादंबरीवरून तिला ‘वर्म’, म्हणजे किडा, असे नाव मिळाले. एका रात्री तिच्यात बिघाड झाला. सकाळी लोक येऊन पाहतात तो यंत्रे कोलमडलेली. पुन्हा सुरू करावे तो किडा पुन्हा त्यांचा ताबा घेई आणि ती पुन्हा कोलमडत. शेवटी सगळ्या किड्यांना एकदम मारण्याची आज्ञा पाठवावी लागली. १९८२ साली या दोघांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. परोपकारी आज्ञावली आणि उपद्रवी आज्ञावली यांचा जन्म असा एकाच कुशीतून झाला आहे, हे पुढच्या इतिहासकारांनी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

पालो अल्टोत यंत्रांना कुणी विचारले नव्हते आणि माणसांनाही नाही. माणसांना विचारून, त्यांच्या राजीखुशीने यंत्रे मागण्याची प्रथा गणितज्ञांनी पाडली. १९७७ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गाजलेल्या सदरात १२९ अंकी एक संख्या छापून तिचे अवयव शोधण्याचे आव्हान दिले होते. ते सापडल्यावर एक गुप्त संदेश उलगडणार होता. १९९४ च्या एप्रिलमध्ये ती संख्या फुटली. सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आठ महिने, १६०० च्या आसपास यंत्रांवर हे काम वाटून घेतले होते आणि उत्तरे ई-पत्राने पाठवली होती. सतरा वर्षांनी उलगडलेला संदेश म्हणजे हाडे फोडून खाणाऱ्या एका गिधाडाविषयीचे निरर्थक शब्द निघाले. पण ज्यांनी आठ महिने दिले त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

१९९६ च्या जानेवारीत जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळ संख्यांच्या शोधाचा उपक्रम सुरू केला. दोनचा एखादा घात घेऊन त्यातून एक वजा केल्यावर जी मूळ संख्या मिळते ती मर्सेन संख्या. अशा संख्या फार विरळ असतात. कोणी कोणता घात तपासायचा याची वाटणी वोल्टमन आरंभी ई-पत्रांनीच करीत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पहिले यश आले. पुढच्या वर्षी, १९९७ च्या ऑक्टोबरात, दुसऱ्या एका गटाने सुमारे २५० दिवस खपून ५६ बिटांची एक सांकेतिक किल्ली शोधली. अमेरिकी सरकार तेव्हा परदेशी विकल्या जाणाऱ्या आज्ञावलींत याहून बळकट कुलपे घालू देण्यास नाखूश होते. ती कुलपे घरगुती यंत्रांनी उघडता येतात हे हजारो लोकांनी मिळून दाखवून दिले. दानाच्या या इतिहासात राजकीय हेतू इतका उघड फार थोड्या वेळा दिसतो.

तरीही या चळवळीला घराघरांत नेले ते सेटीनेच. तिची मांडणी पाहण्याजोगी आहे. अरेसिबोची तबकडी ३०५ मीटर व्यासाची. तिच्यावर वेळ मिळवण्यासाठी जगभरचे ज्योतिर्विद रांगेत असत. बर्कलीच्या मंडळींना स्वतंत्र वेळ मिळणे शक्य नव्हते. म्हणून दुर्बीण मुख्यतः दुसऱ्यांच्या कामाला जुंपलेली असताना, बाजूच्या एका ग्राहकावर आकाशाचा जो भाग आपोआप येईल तो ते टिपून घेत. म्हणजे दुर्बीणही उसन्या फावल्या वेळातलीच! हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्‌झ या वारंवारतेभोवतीचा अडीच मेगाहर्ट्‌झचा पट्टा चुंबकीय फितींवर नोंदवला जाई. अरेसिबोहून महाजालाची पुरेशी रुंद वाट नव्हती, त्यामुळे या फिती पेट्यांत घालून टपालाने बर्कलीला जात. तिथे पट्ट्याचे २५६ भाग होत आणि प्रत्येक भागाचे १०७ सेकंदांचे तुकडे पाडले जात. असा एक तुकडा, एका फ्लॉपीवर सहज मावेल एवढा, एका घरी जाई.

त्या तुकड्यात काय शोधायचे? दुर्बीण स्थिर असताना पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाशातील एखादा बिंदू तिच्या दृष्टिक्षेपातून सुमारे बारा सेकंदांत सरकून जातो. म्हणून खरा संदेश या बारा सेकंदांत हळूहळू चढेल आणि तसाच उतरेल. जमिनीवरचा गोंगाट असा चढत-उतरत नाही. शिवाय पाठवणारा ग्रह आणि आपली पृथ्वी दोन्ही फिरत असल्यामुळे संदेशाची वारंवारता घसरत जाणार, आणि ती किती घसरेल हे आधी ठाऊक नाही. तेव्हा हजारो शक्यता एकेक करून पाहायच्या. संगणकाचे तास खर्च होत ते इथे. डेव्हिड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मोठेपण असे की आकाशाचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतात, ही साधी गोष्ट त्यांनी पुरेपूर वापरली. या घरातील यंत्राला त्या घरातील यंत्राशी बोलण्याची गरजच नव्हती.

जुलै २००२ पर्यंत स्वयंसेवकांची संख्या ३९ लाखांवर गेली. मग एक विचित्र टंचाई निर्माण झाली: यंत्रे उदंड आणि आकाश अपुरे. तेच तुकडे पुन्हा पुन्हा निरनिराळ्या घरी पाठवावे लागत. संयोजकांना त्याची दुसऱ्या कारणानेही गरज होती. किती तुकडे संपवले याच्या याद्या प्रसिद्ध होत, संघ बनत, स्पर्धा लागे. आणि काही मंडळी आज्ञावलीत फेरफार करून काम न करताच उत्तरे धाडीत. यावर उपाय एकच, तोच तुकडा दोघातिघांना देऊन उत्तरे जुळतात का हे पाहणे. आपल्याकडे स्वदेशीच्या काळात पैसा फंडात प्रत्येकाने एकेक पैसा टाकला. त्या पैशांतून तळेगावचा काचेचा कारखाना उभा राहिला. तिथे पैसा खोटा असता तर वाजवून पाहता आला असता. इथे दात्याचे दान खरे की खोटे हे दुसऱ्या दात्याच्या दानावर घासूनच कळे.

मालकीचा प्रश्न तर न्यायालयात गेला. जॉर्जिया राज्यातील एका महाविद्यालयाची यंत्रे सांभाळणाऱ्या गृहस्थांनी अशीच एक आज्ञावली महाविद्यालयाच्या संगणकांवर बसवली. सरकारी पक्षाने महाजालाच्या वापराचा दर सेकंदाचा भाव लावून नुकसानीचा आकडा चार लाख डॉलरांच्या वर नेला आणि गंभीर गुन्ह्याचे आरोप ठेवले. २००२ च्या जानेवारीत तडजोड झाली. किरकोळ दंड आणि समाजसेवा यांवर प्रकरण मिटले. तो आकडा हास्यास्पद होता हे खरे. पण यंत्र माझ्या हाताखाली आहे म्हणून त्याचे रिकामपण माझे, हा त्या गृहस्थांचा समजही तितकाच भाबडा होता. दुसऱ्याच्या वाटेचे पुण्य परस्पर करता येत नाही.

आणि वीज? आरंभीच्या प्रचारात ‘एरवी वाया जाणारी शक्ती’ असे शब्द सर्रास असत, आणि ते पूर्ण खोटे नव्हते. त्या काळातील बहुतेक घरगुती यंत्रे काम असो वा नसो, जवळपास सारखीच वीज खात. पुढे प्रोसेसर रिकामे असताना झोपायला शिकले, यंत्रे मांडीवर आली, बॅटरीवर चालू लागली. तेव्हा यंत्राला अहोरात्र राबवणे म्हणजे बिलात उमटणारा, पंख्याच्या घरघरीतून ऐकू येणारा खर्च झाला. माझ्या मते चळवळीला ओहोटी लागली तिचे मोठे कारण हे आहे. लोक कमी उदार झाले असे नव्हे. १९९० च्या दशकातील यंत्रांच्या रचनेत जो एक उधळा अवकाश होता, तोच अभियंत्यांनी बुजवून टाकला. फुकट होते तोवर ते दान नव्हते, आणि दान झाले तेव्हा दाते विरळ झाले.

फळे मिळाली नाहीत असे मात्र नाही. ऑक्सफर्डच्या हवामान-प्रकल्पात स्वयंसेवकांच्या यंत्रांनी पृथ्वीच्या हवामानाची हजारो प्रतिरूपे चालवली. हवेतील कर्ब वायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याची उत्तरे दोन अंशांहून थोड्या कमीपासून अकरा अंशांच्याही वर पसरतात, हे २००५ साली त्यातून पुढे आले. त्याच वर्षी ‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’ सुरू झाले, ते लायगो या वेधशाळांच्या नोंदींत गुरुत्वतरंग शोधण्यासाठी. (लायगोची भारतीय वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात व्हायची आहे.) फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांचे जे अखंड तरंग त्यांना हवे होते ते सापडलेले नाहीत. पण अरेसिबोच्या नोंदीही तपासायला घेतल्यावर २०१० साली एक स्पंदक तारा हाती लागला. सेकंदाला सुमारे ४१ वेळा गरगरणारा हा तारा आयोवातील एका दांपत्याच्या आणि जर्मनीतील माइन्झच्या एका गृहस्थाच्या यंत्रांनी टिपला होता. ज्यांच्या घरात शोध लागला त्यांना तो लागताना कळलाही नाही.

मार्च २०२० हा या इतिहासातील सर्वांत चमत्कारिक महिना. सेटीच्या चालकांनी महिन्याच्या आरंभी जाहीर केले, की ३१ तारखेपासून नवे तुकडे पाठवणे थांबेल. तपासण्याजोगे पुष्कळ तपासून झाले, आता साचलेल्या उत्तरांचा अर्थ लावायला बसायचे आहे. नेमक्या त्याच महिन्यात जग घरात कोंडले गेले. प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणारे ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’ हे २००० साली स्टॅनफर्डमध्ये विजय पांडे यांनी सुरू केलेले काम तोवर सुमारे तीस हजार यंत्रांवर शांतपणे चालू होते. करोनाच्या विषाणूची प्रथिने अभ्यासायला घेतल्याचे कळताच लोकांची रीघ लागली आणि यंत्रे दहा लाखांवर गेली. सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणितांचा टप्पा तिथे ओलांडला गेला. त्या वेळचा सर्वांत वेगवान महासंगणक त्याच्या बराच मागे होता. आणि १९९९ सारखीच टंचाई पुन्हा आली: यंत्रे मागणी करीत, वाटायला काम नसे. या प्रचंड श्रमातून विषाणूच्या प्रथिनांच्या हालचालीचे एकूण किती आयुष्य उलगडले? एका सेकंदाचा दहावा भाग. विषाणूच्या पृष्ठभागावरील काटा कसा उघडतो आणि औषधाला शिरायला कुठे फट सापडू शकते, हे त्यात दिसले. लस त्यातून निघाली नाही. तसे म्हणणारे उत्साही लोक भेटतात, म्हणून सांगितले.

ज्या दुर्बिणीने हे सारे सुरू केले ती अरेसिबोची दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. मर्सेन संख्यांचा शोध चालू आहे; पण २०२४ च्या ऑक्टोबरात सापडलेली चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची नवी संख्या कुणाच्या घरच्या यंत्राने शोधलेली नाही. एका माणसाने अनेक देशांतील शक्तिशाली यंत्रे भाड्याने घेऊन ती शोधली. अठ्ठावीस वर्षांत असे प्रथमच घडले.

सेटीच्या साठ्यातील सुमारे १२ अब्ज नोंदी गाळत गाळत बर्कलीचे संशोधक शंभरेक संशयित संकेतांवर येऊन पोहोचले आहेत, आणि चीनमधील ‘फास्ट’ या पाचशे मीटरच्या दुर्बिणीतून त्या जागा पुन्हा पाहिल्या जात आहेत. त्यांतील प्रत्येक संकेत कधीतरी कुणाच्या तरी घरात, माणूस टेबलावरून उठून गेलेला असताना नोंदवला गेला होता. त्या परिचितांना मी मध्यंतरी विचारले. ते यंत्र त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकले त्यालाही आता वीस वर्षे झाली.