प्रोस्टेट-शस्त्रक्रियेचा जमाखर्च

१९०४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी कर्करोगग्रस्त प्रोस्टेट ग्रंथी समूळ काढली, तेव्हापासून कित्येक दशके या उपायापायी रुग्णाला पौरुष आणि पुष्कळदा मूत्रावरील ताबाही गमवावा लागे. १९८१ साली लायडन येथे पीटर डोंकर यांच्यासमवेत पॅट्रिक वॉल्श यांनी मृतजात अर्भकाच्या देहात ग्रंथीलगतच्या सूक्ष्म मज्जातंतूंचा मार्ग शोधला आणि पुढल्याच वर्षी ते तंतू राखून शस्त्रक्रिया केली, तेव्हा ही हानी बरीच घटली. तथापि ब्रिटनमधील १,६४३ रुग्णांच्या, बहुतांशी कमी जोखमीच्या, चाचणीत शस्त्रक्रिया, किरणोपचार वा केवळ देखरेख यांपैकी काहीही वाट्याला आले तरी १५ वर्षांत या रोगाने दगावणारे शेकडा सुमारे तीनच निघाले. म्हणून अशा रुग्णाने शस्त्रक्रियेस रुकार देण्यापूर्वी देखरेखीचा पर्याय डॉक्टरांकडून अवश्य समजून घ्यावा.