पोटखराब्यात काय उगवतं?

दुर्मिळ वनस्पतींवर संशोधन करायचं म्हटलं की डोळ्यांसमोर जंगल येतं ना? मी तुम्हाला आधी सातबारा वाचायला सांगेन. त्यात 'पोटखराब क्षेत्र' अशी एक नोंद असते. शेताच्या हद्दीतलीच, पण नांगर न चालणारी जमीन: कुठे खडक, कुठे नाला.

या नोंदीमागे जुना हिशोब आहे. 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून मुंबई इलाख्याची नवी महसूल पाहणी सुरू केली. शेत मोजायचं, मातीची प्रत ठरवायची, पीक न येणारा तुकडा आकारणीतून वगळायचा. हेतू सारा ठरवण्याचा होता, संवर्धनाचा नव्हे. पण ज्या तुकड्यावर सारा नाही, तो नांगरायची घाईही नाही. मूळची वनस्पती तिथे टिकून राहू शकली.

नापीक ठरलेल्या जमिनीत काय असतं, हे रत्नागिरीच्या सड्यांवर बघा. जांभ्या खडकाची ही पठारं, बरीचशी खासगी मालकीची. पावसाच्या सुरुवातीला तिथे दीपकाडीची पांढरी फुलं येतात. डाल्झेल यांनी 19व्या शतकात नोंदवलेली ही कोकणातली कंदवर्गीय वनस्पती. उरलेलं वर्ष सडा उजाड दिसतो. मग जांभा फोडून, माती भरून आंबा-काजूची कलमं लागतात आणि कंद संपतो. शेतकऱ्याला लगेच दोष देऊ नका; कागदावर अशी जमीन 'खराब'च असते. त्यात 2018 मध्ये नियम बदलला. 'वर्ग अ'चा पोटखराबा लागवडीखाली आणला, तर आता तशी नोंद होऊन त्याची आकारणी होऊ शकते.

उशीर झाला की काय होतं, ते माहुलमध्ये दिसतं. 1954-55 मध्ये माहुल-तुर्भे भागात तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. त्याआधी इथल्या बांधांवर काय उगवत होतं, हे शोधायचं तर ग्रॅहम यांची 1839 ची मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी किंवा झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम गाठावं लागतं. यादीत वनस्पतीचं नाव मिळतं, शेत मिळत नाही.

म्हणून नोंदवहीत प्रजातीच्या नावाशेजारी गट नंबर, मालकीचा प्रकार आणि पोटखराब क्षेत्रही लिहा. शेतातली वनस्पती वाचवायची, तर बोलणी वनखात्याआधी खातेदाराशी करावी लागतात.