उमापूरच्या विहिरींची हकीकत

बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीनें आंखून दिली आहे. नदीच्या दक्षिणेस गेवराई तालुका पसरला आहे आणि उमापूर हें त्याच तालुक्यांतील गांव. मराठ्यांच्या इतिहासांत या तालुक्याचें नांव राहिलें तें राक्षसभुवनामुळें. १० ऑगस्ट १७६३ रोजीं थोरल्या माधवराव पेशव्यांनीं तेथें निजामाच्या सैन्याचा पराभव केला. त्या दिवशीं निजाम नदीच्या पलीकडे, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे, आणि मध्यें गोदेचा पूर, अशी स्थिति होती. नदीचा पूर इतिहासकाराच्या नजरेस असा भरतो. भूमीच्या पोटांतील पाण्याची बखर मात्र कोणी लिहिली नाहीं. आणि उमापूरच्या पंचक्रोशींतील माणसें, गुरें व शेतें शतकानुशतकें जगलीं तीं बहुतांशीं त्याच पाण्यावर.

हें पाणी सांठतें कसें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा कातळ बनला. गंगेच्या मैदानाखालीं वाळू-मातीचे खोल, पाण्यानें भरलेले थर आहेत. दख्खनला तें भाग्य लाभलेलें नाहीं. येथें पाणी राहतें तें वरच्या मुरमांत आणि खालच्या खडकाच्या भेगांत. बीड जिल्ह्यांत वर्षास सरासरी ६५० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. त्यांतला मोठा भाग वाहून किंवा वाफ होऊन जातो; मुरतो तो ढोबळ मानानें दहावा हिस्सा. म्हणजे भूमीची वार्षिक मिळकत सुमारें ६५ मिलिमीटर, चार बोटें भरेल न भरेल इतकीच.

जुन्या काळच्या साधनांना या मिळकतीची मर्यादा आपोआप पाळावी लागे. बीड शहराजवळची खजिना विहीर हें त्याचें उत्तम उदाहरण होय. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या अमदानींत, सलाबतखानानें ती बांधविली. तिचें पाणी भुयारी मार्गानें, केवळ उतारावर, खालच्या शेतांकडे जातें. ओढून घेण्याची तेथें सोयच नाहीं. भूमि देईल तेवढेंच पदरांत पडावयाचें.

सामान्य शेतकऱ्याची मोटहि तशीच होती. पांचसात परस खोल विहीर, दोन किंवा चार बैल, धाव, नाडा आणि थारोळें, एवढा तिचा संसार. दुपारीं बैल थकत आणि मोट सुटे. रात्रभर झरे विहीर भरून काढीत. किती उपसावयाचें हें बैलाच्या खांद्यावरून ठरे. तो काळ सुखाचा होता असें मात्र समजूं नये. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनमध्यें लक्षावधि माणसें मेलीं. आणि ज्यांना समाजानें अस्पृश्य ठरविलें होतें त्यांना गांवच्या विहिरींत घागर बुडविण्याचीहि मनाई होती. उपशाला मर्यादा होती, पण ती साधनांच्या दुबळेपणाची. विचारपूर्वक घातलेली नव्हे. म्हणूनच साधनें बलवान होतांच ती नाहींशी झाली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी अंमल संपला. मराठवाडा १९५६ सालीं मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. पुढील वर्षांत तेलाचें इंजिन व विजेचा पंप यांनीं मोटेची जागा घेतली. मग १९७२ चा दुष्काळ आला. उघड्या विहिरी आटल्या, तेव्हां कातळ भेदणारीं यंत्रें खेडोपाडीं फिरूं लागलीं. त्याच सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा स्थापन झाली. सोलापूरकडे तयार झालेल्या हातपंपावरून पुढें ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला व तो देशभर पोहोंचला. विंधण-विहीर, जिला लोक बोअर म्हणतात, ती अशी तहानलेल्यांसाठीं आली, आणि तिचे उपकार विसरण्याजोगे नाहींत.

परंतु जें यंत्र पिण्याच्या पाण्यासाठीं आलें, तेंच थोड्या वर्षांत शेताच्या बांधावर उभें राहिलें. हातपंपाच्या जागीं पाण्यांत बुडून चालणारी मोटर आली. बैलासारखी ती थकत नाहीं. वीज अश्वशक्तीच्या ठोक हिशेबानें आकारली जाऊं लागली, तेव्हां एक तास उपसा केला काय आणि दहा तास केला काय, बिल एकच. उघडी विहीर आटली कीं साऱ्या गांवास दिसे; बोअरच्या अरुंद भोकांत पाणी किती खालीं गेलें हें मालकासहि दिसत नाहीं. मुरमांतलें पाणी संपलें कीं खालच्या भेगांत अनेक पावसाळ्यांचें सांठलेलें पाणी वर निघतें. तें व्याज नव्हे, मुद्दल होय.

पिकांचा यांत वांटा किती, हें साध्या गणितानें कळतें. उसाला सुमारें २,००० मिलिमीटर पाणी लागतें. पावसाचें ५०० धरलें तरी १,५०० उरतें. एका एकराची भूजलाची मिळकत ६५. म्हणजे बोअरवर एक एकर ऊस करणारा वीस एकरांहून अधिक रानांत मुरलेलें पाणी खर्चीं घालतो. जायकवाडीच्या कालव्याचें पाणी ज्यांस मिळतें त्यांची गोष्ट निराळी. पण धरण रिकामें राहील त्या वर्षीं त्यांनाहि बोअरचाच आधार. त्यांत गोदेच्या पात्रांतील वाळूच्या उपशाची भर पडते. वाळूचा थर हा नदीकांठच्या विहिरींचा सांठा असतो. तो शहरांतील घरांसाठीं गेला कीं कांठच्या विहिरी लवकर तळ दाखवितात.

या शर्यतींत प्रथम हरतो तो लहान शेतकरी. शेजाऱ्यानें ३०० फूट बोअर घेतला कीं याची ४० फुटांची विहीर कोरडी पडते. तोहि कर्ज काढून बोअर घेतो. तो फसला कीं कर्ज तेवढें उरतें. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून ऊसतोडणीस जे लक्षावधि मजूर निघतात, त्यांत त्याचेंहि कुटुंब सामील होतें. ज्याच्या रानांत ज्वारीपुरतें पाणी उरलें नाहीं, तो परमुलखांत दुसऱ्याचा ऊस तोडतो. मागें राहिलेलीं म्हातारीं माणसें टँकरची वाट पाहतात.

ज्याची जमीन त्याचेंच तिच्याखालचें पाणी, ही समजूत फार जुनी. तिला महाराष्ट्रानें १९९३ सालीं अडसर घातला : पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत नव्या विहिरीवर निर्बंध आला. २००९ सालीं अधिक व्यापक कायदा झाला व तो २०१४ पासून अमलांत आला. खोल विहिरींवर नियंत्रणाची तरतूद त्यांत आहे. तरीहि एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. जमिनीखालीं काय चाललें आहे हें पाहण्यास सरकारी डोळा अपुरा पडतो. शेजाऱ्यास तें लवकर कळतें.

शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें हें ओळखलें. तेथें पाऊस बीडहून कमी. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं गांवानें डोंगरउतारावर चर खणले, आणि त्याबरोबर शेतीसाठीं बोअर व उसासारखीं तहानलेलीं पिकें यांस ग्रामसभेनें मनाई केली. पाऊस किती झाला, पिण्यासाठीं किती राखावयाचा, उरल्यावर पिकें कोणतीं घ्यावयाचीं, याचा ताळेबंद तेथें गांवापुढें मांडला जातो. चर व बंधारे पुष्कळ गांवांनीं केले. उपशावर आपण होऊन बंधन घालणारीं गांवें थोडीं. बंधन नसेल तर चरांनीं मुरविलेलें पाणी नवे बोअरच वांटून घेतात.

आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, असें जुनी पिढी म्हणत असे. तिला आड डोळ्यांनीं दिसत होता. आज तो दिसत नाहीं, म्हणून त्याचा हिशेब ठेवणें भाग आहे. मोटेच्या काळीं जें काम बैलाच्या खांद्यानें केलें, तें आतां गांवच्या वहीनें केलें पाहिजे. उमापूरच्या पंचक्रोशींत अशी वही उघडली गेली, तर ६५ मिलिमीटरांची ती तुटपुंजी मिळकतहि घागरीस आणि ज्वारीस खास पुरेल.