पेनिसिलीन, पिंपरी आणि उरलेल्या गोळ्या

तळेगाव ढमढेरेहून शिक्रापूरला आले की दोन रस्ते लागतात. एक नगर रस्ता. तो आगाखान पॅलेसवरून पुण्यात शिरतो. दुसरा चाकणमार्गे पिंपरीकडे जातो. दोन्ही रस्त्यांवर एकाच औषधाच्या इतिहासातले एकेक पान आहे. ते औषध म्हणजे पेनिसिलीन. घरातल्या फळीवर पडून राहिलेल्या अर्धवट स्ट्रिपचा अर्थ समजून घ्यायचा तर ही पाने उलटून पाहावीत, असे आम्हांला वाटते.

पहिले पान १९४४ सालच्या फेब्रुवारीतले. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा अत्यवस्थ होत्या. त्या काळी पेनिसिलीन अत्यंत दुर्मिळ होते. तरी ते कलकत्त्याहून विमानाने मागवले गेले. देवदास गांधींना वाटत होते की आईला ते द्यावे. पण हे औषध दर काही तासांनी सुई टोचूनच द्यावे लागेल हे कळल्यावर गांधीजींनी मुलाला समजावले, की अखेरच्या घटकेला आईला या वेदना नकोत. २२ फेब्रुवारीला कस्तुरबांचे निधन झाले. औषधाने त्या वाचल्या असत्या की नाही, हे आज सांगता येणार नाही.

पण दर काही तासांनी सुई का? मूत्रपिंडे पेनिसिलीन फार झपाट्याने रक्तातून बाहेर टाकतात. मूत्रपिंडे निरोगी असतील तर साधारण अर्ध्या तासात रक्तातले पेनिसिलीन निम्मे होते. हे गणित वर्गात फळ्यावर मांडता येईल. चार तासांत आठ वेळा निम्मे, म्हणजे मूळच्या २५६ व्या हिश्शाइतकेच औषध उरते. औषधाची वेळ अशी शरीराच्या हिशेबावरून ठरते. काही औषधे सावकाश बाहेर पडतात, ती दिवसातून एकदा पुरतात. म्हणून ‘दिवसातून तीनदा’ लिहिलेले औषध तीन जेवणांना कसेबसे घेणे आणि साधारण आठ तासांच्या अंतराने घेणे यांत फरक आहे. सकाळची गोळी चुकली म्हणून रात्री दोन एकदम घेणे हाही उपाय नव्हे.

औषध अपुरे पडले तर काय होते, हे त्याआधीच दिसून आले होते. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्ड येथे आल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलीन देण्यात आले. त्याच्या जखमेतील जंतुसंसर्ग शरीरभर पसरला होता. काही दिवसांत तो स्पष्टपणे सुधारला. पण औषधाचा साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्या लघवीतून पेनिसिलीन वेगळे काढून पुन्हा टोचावे लागले. साठा संपला, संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये तो दगावला. बरे वाटणे आणि बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असेच ही घटना सांगते.

दुसरे पान पिंपरीचे. स्वातंत्र्यानंतर हे औषध देशातच तयार व्हावे म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारी कारखाना उभारण्याचे ठरले. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. पिंपरीकर तिला ‘एच. ए. कंपनी’ म्हणून ओळखतात. जे औषध दहा वर्षांपूर्वी विमानाने आणावे लागले, ते आता आगाखान पॅलेसपासून काही मैलांवर तयार होऊ लागले.

टंचाई सरली तशी दुसरी अडचण पुढे आली. अलेक्झांडर फ्लेमिंगने ती आधीच ओळखली होती. डिसेंबर १९४५ मधील नोबेल व्याख्यानात त्याने एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलीन विकत आणतो आणि अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू बायकोला लागतात, आणि तिच्यावर पेनिसिलीन चालत नाही. ती दगावते. ‘सरावतात’ हा बोलण्यातला शब्द झाला. प्रत्यक्षात कोट्यवधी जंतूंमध्ये काही मुळातच चिवट असतात. औषधाने बाकीचे मरतात आणि चिवटांना रान मोकळे मिळते. डार्विनची नैसर्गिक निवड ती हीच.

दोष केवळ रोग्यांचा मात्र नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांना क्षयरोगाचे उपचार लिहायला सांगितले, तेव्हा त्यांनी ८० निरनिराळ्या उपचारपद्धती लिहिल्या. पुढे २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी चार क्षयरुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासून पाहिलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. त्यानंतर नवी औषधे आली, पण धोका टळलेला नाही. १ मार्च २०१४ पासून ‘अनुसूची एच-१’ लागू झाली. तिच्यातील प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे देताना दुकानदाराला रोग्याची व डॉक्टरांची नोंद ठेवावी लागते. प्रतिजैविकांच्या स्ट्रिपवरची उभी लाल रेघ सांगते, की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

आम्ही वर्गात मुलांना घरातल्या रिकाम्या स्ट्रिपा आणायला सांगितल्या. (गोळ्या असलेल्या आणू नयेत, हे बजावून सांगावे.) मुलांनी मूळ नाव, मिलिग्रॅम, मुदत संपण्याची तारीख आणि लाल रेघ शोधली. दोन वेगळ्या छापांच्या स्ट्रिपांवर एकच मूळ नाव निघाले, तेव्हा वर्ग चकित झाला. अशा दोन गोळ्या एकाच वेळी घेतल्या तर मात्रा दुप्पट होते, हे मग सांगावे लागले नाही. एक मुलगी म्हणाली, “आमच्या आजीनं माझ्या उरलेल्या गोळ्या सर्दीला घेतल्या.” साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत, हे त्या दिवशी सर्वांच्या लक्षात राहिले.

घरी पोचवण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. गोळ्या किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टरांनाच विचारावे. हल्ली काही आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवसही पुरतात असे आढळले आहे, पण तो निर्णय आपला नव्हे. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ उठले असेल किंवा धाप लागली असेल, तर ते आधीच सांगावे. कारण पेनिसिलीनची तीव्र अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते. दुसऱ्याची चिठ्ठी आपली मानू नये. आणि उरलेल्या गोळ्या ‘पुढच्या वेळेला होतील’ म्हणून फळीवर ठेवू नयेत.

आगाखान पॅलेसला शाळेची सहल जाते, तेव्हा कस्तुरबांच्या समाधीपाशी मुलांना ही हकिकतही सांगावी.